गाडी कळली, तिकीट कळेना!

परवा संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला शेजारच्या काकू आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद. रेशनकार्ड नाहीतर सातबारा असेल असं मला वाटलं. म्हटलं, "या काकू, बसा, चहा टाकते." तर म्हणाल्या, "चहा ऱ्हाऊ दे गं. आधी ह्ये वाच. मला जागा घावली का न्हाई, एवढंच सांग."

कागद म्हणजे रेल्वेचं तिकीट होतं, पुणे ते नागपूर. काकूंची धाकटी लेक नागपूरला दिलेली आहे. दिवस भरत आलेले, पहिलंच बाळंतपण, आणि सासरी करणारं कुणी नाही. काकूंनी डिंकाचे लाडू करून डबा भरूनही ठेवला होता. मी कागद हातात घेतला. मी बारा वर्षं बचत गटाचे हिशेब लिहिते, बँकेचे फॉर्म भरते, गटातल्या बायकांना व्याज समजावून सांगते. पण खरं सांगते मैत्रिणींनो, त्या कागदापुढे मी गप्प बसले. वर दहा आकडी नंबर, खाली काकूंचं नाव इंग्रजीत, आणि नावापुढे 'आरएलडब्ल्यूएल २३'. पुढे भाड्याचे तीन-चार आकडे, त्यांची बेरीज, आणि बारीक अक्षरात नियमांचं पानभर पुराण. सगळं इंग्रजीत आणि थोडं हिंदीत. मराठी एक अक्षर नाही.

"वेटिंग दिसतंय काकू," मी म्हटलं.

"म्हंजी बसता यील का?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात आहे. 'बसता येईल का?' याचं उत्तर तिकिटावर नसेल, तर त्याला तिकीट तरी का म्हणायचं?

आमचं पौड म्हणजे मुळशी तालुक्याचं मुख्य गाव. तहसील कचेरी इथे, पोलीस ठाणं इथे, बाजार इथे. इथून वरच्या अंगाला मुळशी धरण. ते होऊ नये म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या बरोबरीनं इथल्या बायाबापड्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली, आणि त्या पाण्यावर मुंबईसाठी वीज तयार झाली. पण आमच्या तालुक्यात आगगाडीचं स्टेशन काही आलं नाही. आता माण-हिंजवडीकडे मेट्रोचे खांब दिसतात, तेवढंच. आम्हाला गाडी पकडायची तर आधी पिरंगुट-भूगावच्या ट्रॅफिकमधून चांदणी चौक गाठायचा, मग वनाजला मेट्रोत बसून पुणे स्टेशन. त्यातून आता काही गाड्या हडपसरहून सुटतात. त्या हडपसरला जायचं म्हणजे अख्खं पुणं पालथं घालायचं! स्टेशनवर जाऊन चौकशी करून येऊ म्हटलं तर बाईमाणसाचा दिवस मोडतो. मग आम्ही काय करतो? बाजारपेठेत जिथे झेरॉक्स, रिचार्ज आणि 'येथे रेल्वे तिकीट मिळेल' अशी पाटी असते, तिथे जातो. काकूही तशाच एका दुकानात गेल्या होत्या. तिकिटावर छापलेल्या रकमेपेक्षा त्यांच्याकडून तीनशे रुपये जास्त घेतले होते. "तात्काळसारखं करून देतो म्हनला पोरगा," काकू म्हणाल्या. 'तात्काळसारखं' म्हणजे काय, ते तो पोरगाच जाणे.

पुढे काय झालं ते सांगते. वेटिंग काही सुटलं नाही. नेटवरून काढलेलं तिकीट यादी लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. तशी सूचना मोबाइलवर येते. पण बुकिंग करताना नंबर घातला होता दुकानदाराचा! सूचना त्याला आली आणि त्यानं ती काकूंना कळवली नाही. काकू लाडवांचा डबा, बाळंतविडा आणि एक गोधडी घेऊन दुपारीच निघाल्या, स्टेशनवर पोचल्या, गाडी फलाटाला लागली. टीसीनं कागद पाहिला आणि सांगितलं, "मावशी, हे तिकीट रद्द झालंय. यावर चढता येणार नाही." तो बिचारा नियमानंच बोलला. वेटिंगच्या तिकिटावर राखीव डब्यात चढू न देण्याचा नियम मे २०२५ पासून कडक पाळला जातो.

काकूंनी मग ट्रॅव्हल्सची बस शोधली, दुप्पट पैसे मोजले आणि दुसऱ्या दिवशी उशिरा नागपूर गाठलं. नात पहाटेच झाली होती. लेक ऑपरेशन टेबलवर असताना आई एका हायवेवरच्या धाब्यापाशी बस सुटायची वाट बघत होती. रद्द तिकिटाचे पैसे जमा झाले तेही दुकानदाराच्या खात्यात, कारण पैसे त्याच्या खात्यातून भरले होते. ते मिळवायला काकूंच्या मुलाला तीन चकरा माराव्या लागल्या.

म्हणाल, एका दुकानदाराची चूक, त्यात रेल्वेचा काय दोष? मीही आधी तसंच म्हटलं. पण मग विचार केला, दुकानदाराचं एवढं फावलं कशामुळे? काकूंना कागद वाचता आला नाही म्हणून. आणि काकूंचं सोडा, मलाही कुठे आला?

आता एसटी बघा. एसटीच्या बसगाड्यांबद्दल, खड्ड्यांबद्दल, वेळांबद्दल कुरकुर करायला आपल्याला भरपूर जागा आहे. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं. हे माझ्या सासूबाईंपासून मोलमजुरी करणाऱ्या ताराबाईपर्यंत सगळ्यांना आठवडाभरात पाठ! पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास फुकट, तेही पाठ. का? नियम एका वाक्यात सांगता येतो. आणि सांगायला कंडक्टर समोर उभा असतो. मराठीत विचारता येतं, मराठीत उत्तर मिळतं. पुण्याची मेट्रो बघा. पुढचं स्टेशन कुठलं ते मराठीतून सांगतात, तिकिटाचा आकडा आधी दिसतो, मग पैसे. माझी सासू मेट्रोत पहिल्यांदा बसली आणि दुसऱ्या वेळेला एकटी गेली. म्हणजे आमच्या बायकांना कळत नाही असं नाही हो. कळेल असं सांगितलं की कळतं.

रेल्वेचं भाडं महाग आहे अशी माझी तक्रार नाही, उलट स्वस्तच आहे. १ जुलै २०२५ ला भाडं वाढलं तेव्हा मेल-एक्स्प्रेसच्या साध्या डब्यांना किलोमीटरमागे एक पैसा वाढ होती. पुन्हा २६ डिसेंबर २०२५ ला दोन पैसे. पुणे-नागपूर साधारण नऊशे किलोमीटर धरा. म्हणजे एकदा नऊ रुपये आणि एकदा अठरा रुपये. दोन्ही मिळून सत्तावीस. काकूंचा प्रवास सत्तावीस रुपयांनी अडला नसता. त्यांना महाग पडले ते तीनशे रुपये आणि ट्रॅव्हल्सचं दुप्पट भाडं. माहिती नसण्याची किंमत भाडेवाढीपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि ती वर्तमानपत्रात छापून येत नाही.

आपण घेतो ते तिकीट बनतं तरी कसं? मी बसून हिशेब मांडला, तो तुम्हालाही सांगते. मूळ भाडं किलोमीटरवर आणि डब्याच्या वर्गावर. त्यावर आरक्षणाचा आकार, स्लीपरला वीस रुपये. गाडी सुपरफास्ट असेल तर आणखी तीस. एसी डबा असेल तर जीएसटी, स्लीपरला तो नाही. नेटवरून काढलं तर सुविधा शुल्क. तेही पैसे यूपीआयनं भरले तर कमी, कार्डानं भरले तर जास्त. तत्काळमध्ये काढलं तर स्लीपरला मूळ भाड्याच्या तीस टक्के, कमीत कमी शंभर आणि जास्तीत जास्त दोनशे रुपये. प्रीमियम तत्काळ असेल तर भाडं मागणीप्रमाणे चढत जातं, जसं सणाच्या आदल्या दिवशी झेंडूचं होतं. आणि गाडीचा नंबर शून्यानं सुरू होत असेल तर ती 'स्पेशल'. अशा बऱ्याच स्पेशल गाड्यांना नेहमीपेक्षा जास्त भाडं लागतं. शेजारच्या फलाटावरून त्याच गावाला जाणारी नेहमीची गाडी स्वस्त असते. पण दिवाळीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी जाणाऱ्या किती जणींना त्या शून्याचा अर्थ ठाऊक असतो?

वेटिंगचंही तसंच. मला वाटायचं, वेटिंग म्हणजे वेटिंग. डॉक्टरकडे बसतो तशी एकच रांग. तसं नाही! कोल्हापूरहून सुटून पुण्यावरून विदर्भात जाणारी गाडी घ्या. जिथून गाडी सुटते तिथल्या प्रवाशांची एक रांग, मधल्या स्टेशनांसाठी ठेवलेल्या थोड्या जागांची दुसरी, तत्काळवाल्यांची तिसरी. काकूंच्या तिकिटावरचं 'आरएल' म्हणजे मधल्या स्टेशनची रांग. तिच्यात जागाच कमी, त्यामुळे ती हळू सरकते. पहिल्या रांगेतल्या तेविसाव्याला कदाचित बर्थ मिळून जातो, या रांगेतला तेविसावा बहुधा राहतो. हे काकूंना कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याच दिवशी दुसरी सोय बघितली असती आणि नातीचा पहिला आवाज त्यांच्या कानावर पडला असता.

शिवाय नियम एकसारखे राहिलेत कुठे? पूर्वी चार महिने आधी तिकीट काढता यायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी. पूर्वी पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळायचा. २१ एप्रिल २०१६ पासून बर्थ हवा तर पूर्ण भाडं, अर्धं दिलं तर मूल मांडीवर. ज्येष्ठ नागरिकांची सवलत होती, अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना तर निम्मं भाडं. ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी थांबली, ती थांबलीच. अजून आमच्याकडच्या आज्या आधारकार्ड पुढे करून विचारतात, "म्हातारीचं अर्धंच ना?" पॅसेंजर गाड्यांचं कमीत कमी भाडं करोनानंतर दहाचं तीस झालं होतं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये परत दहावर आलं. तीसचे दहा झाले हेसुद्धा कित्येक जणींना गावच्या जत्रेला जाताना खिडकीवरच कळलं. आरक्षणाची पहिली यादी गाडीआधी चार तास लागायची. २०२५ पासून ती बरीच आधी लागते, सकाळच्या गाडीची तर आदल्या रात्रीच. हा बदल चांगला आहे. दूरच्या गावातल्या माणसाला घरून निघण्याआधी कळतं. पण ज्याच्या फोनवर कळायला पाहिजे त्याच्याच फोनवर कळलं तर!

"अहो, सगळं मोबाइलवर आहे की," माझा पुतण्या म्हणाला. आहे, मान्य. जुलै २०२५ मध्ये रेल्वेनं 'रेलवन' नावाचं ॲप काढलं. त्यात तिकीट, चौकशी, तक्रार सगळं एकत्र. १३९ नंबर आहे, तिथे फोन करून विचारता येतं. आधी मदतीचे निरनिराळे नंबर होते, ते २०२१ मध्ये एकात आणले. हे चांगलंच झालं. मी रेल्वेला शिव्या घालायला बसलेली नाही. रोज कोट्यवधी माणसं नेणं म्हणजे खायचं काम नाही, आणि त्या आकडे-अक्षरांच्या खुणा त्यांच्या कामासाठी लागतात हेही समजतं. पण आमच्याकडे घरात फोन असतो तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. बाईच्या हातात येतो तो रिचार्ज संपलेला. १ जुलै २०२५ पासून नेटवरून तत्काळ काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं लागतं. त्यामागचा हेतू दलालांना आळा घालायचा, तो रास्तच आहे. पण ज्या बाईचं खातंच नाही ती काय करणार? पुन्हा तोच झेरॉक्सवाला! दलाल एका दाराने बाहेर घालवला आणि आपणच त्याला दुसऱ्या दाराने चहाला बोलावलं.

या विषयाचा शोध घेताना मला एक गोष्ट कळली, तिनं मी चकित झाले. १९८९ चा रेल्वे कायदा आहे. त्याचं ४९ वं कलम म्हणतं की, प्रत्येक स्टेशनवर गाड्यांच्या वेळांचा तक्ता आणि तिथून निरनिराळ्या स्टेशनांच्या भाड्याची यादी सहज दिसेल अशा ठिकाणी लावली पाहिजे. हिंदीत, इंग्रजीत आणि त्या भागाच्या भाषेत. म्हणजे आपल्याकडे मराठीत! पुढचं ५० वं कलम तिकिटाबद्दल आहे. तिकिटावर वर्ग, कुठून कुठे, भाडं किती हे छापलं पाहिजे. सर्वांत खालच्या वर्गाचं तिकीट असेल तर वर्ग आणि गावांची नावं स्थानिक भाषेतही हवीत. यंत्रामुळे जमत नसेल तर सरकार सूट देऊ शकतं, अशी पळवाटही तिथेच आहे. पण सांगायचा मुद्दा हा की, गरिबाचं तिकीट त्याच्या भाषेत असावं हे कायदा करणाऱ्यांना १९८९ मध्ये सुचलं होतं. तेव्हा यंत्रं साधी होती. आज माझ्या फोनवर एक बटण दाबलं की अख्खं पान मराठीत होतं. मग तिकिटाचंच घोडं कुठे अडलं?

तो लावलेला तक्ताही बघायला स्टेशनवर जावं लागतं. ज्या तालुक्यात स्टेशनच नाही, तिथल्या माणसानं काय करायचं? आमच्या पौडच्या एसटी थांब्यावर, पोस्टात, पंचायत समितीत एक मराठी तक्ता लावायला किती खर्च येईल? एका हळदीकुंकवाच्या वाणापेक्षा कमी!

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. पण प्रवासात माहिती म्हणजे कधीकधी जीव असतो. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. घाबरलेल्या माणसांनी उड्या टाकल्या, आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीखाली कितीतरी जण सापडले. आग नव्हतीच. खरं काय ते वेळेवर सांगणारा एक आवाज त्या डब्यात हवा होता. कोणता डबा कुठे थांबणार, गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर गेली का, हे नीट कळलं नाही की पोरं, पिशव्या आणि म्हातारी माणसं घेऊन धावायचं कुणाला? आपल्यालाच ना!

दुसरी गोष्ट त्याहून मोठी वाटते मला. कळत नाही म्हणून बाई प्रवासच टाळते. 'कोण त्या भानगडीत पडणार', 'पोरगा रजा काढेल तेव्हा जाऊ', 'जावईबापू आले तर बघू'. असं करत करत भावाची पंचाहत्तरी राहते, मैत्रिणीच्या मुलीचं लग्न राहतं, दवाखान्यातल्या बहिणीला भेटणं राहतं. तिच्याकडे पैसे असतात, वेळही ती काढते. अडतं ते फक्त एका कागदावर. ज्येष्ठांची सवलत परत मिळावी असं मलाही वाटतं, मागू या आपण. पण कागद कळेल असा देण्याला तर तिजोरीतून पैसेही काढावे लागत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तिकिटाच्या डोक्यावर ठळक मराठीत चार ओळी हव्यात. एक, या तिकिटावर डब्यात चढता येईल की नाही. दोन, नसेल तर कधी आणि कुठे कळेल. तीन, एकूण किती रुपये आणि ते कशाकशाचे. चार, नाही गेलं तर किती परत मिळतील आणि कोणाच्या हातात. बाकी खुणा खाली राहू देत, त्यांच्या कामाच्या आहेत. वेटिंगचं तिकीट विकतानाच 'ही रांग हळू सरकते' एवढं सांगावं. स्पेशल गाडीचं भाडं जास्त असेल तर पैसे घेण्याआधी शब्दांत सांगावं, शून्यावर सोडू नये. प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल नंबर घातल्याशिवाय दुसऱ्यानं काढलेलं तिकीट निघूच नये. आणि नियम बदलला की तो तालुक्याच्या गावात कागदावर, मराठीत पोचावा. हे फार आहे का हो?

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. आमच्या गटानं गेल्या महिन्यात एका मोठ्या कार्डशीटवर तक्ता केला आणि बैठकीच्या खोलीत लावला. त्यातल्या चार गोष्टी तुम्हीही लिहून घ्या.

तिकीट कुणीही काढून देवो, नंबर आपला घालायला सांगायचा. आपल्याकडे फोन नसेल तर लेकीचा, सुनेचा, पण दुकानदाराचा नाही. तिकिटावर छापलेली रक्कम आधी वाचायची, मग पैसे द्यायचे. अधिकृत एजंटानं वर किती घ्यावेत याला मर्यादा घालून दिलेली आहे. वरच्या पैशांची पावती मागितली की आवाज आपोआप खाली येतो.

वय खरं सांगायचं. हसू नका! पंचेचाळीस आणि त्यावरच्या बाईला, जागा शिल्लक असेल तर, न मागता खालचा बर्थ मिळावा अशी सोय आहे. चाळिशीवर अडून बसलात तर वरच्या बर्थवर चढायची तयारी ठेवा.

पीएनआर म्हणजे तो दहा आकडी नंबर. तो वहीत वेगळा लिहून ठेवायचा. घरून निघण्याआधी १३९ ला फोन करून त्यावरून तिकिटाची स्थिती विचारायची.

आणि १३९ हा आकडा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. रेल्वे कायद्याचं कलमही १३९ च आहे. त्यात म्हटलंय की, सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा मुलाला काही कारणानं गाडीतून उतरवायचं झालं तरी वाटेल तिथे उतरवता येत नाही. जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्य गावचं स्टेशन, इथेच, आणि तेही दिवसाउजेडी. याचा अर्थ बिनतिकीट फिरा असा नाही. दंड लागायचा तो लागतोच. पण रात्री-अपरात्री कुठल्या आडस्टेशनावर एकट्या बाईला उतरवता येणार नाही, हे तिला ठाऊक असलं की छातीतली धडधड निम्मी होते. इतका चांगला नियम आपल्याला शाळेत, रेडिओवर, कुठेच कुणी सांगितला नाही, याचंच नवल वाटतं.

काकू महिन्याभरानं नागपूरहून परत आल्या. नात गोरीपान आहे, जावळ दाट आहे, सगळं सांगून झालं. मग पिशवीतून परतीचं तिकीट काढलं. या वेळी लेकीनं काढून दिलेलं, काकूंच्या मुलाचा नंबर घातलेलं. "ह्यावर 'सीएनएफ' लिव्हलंय. म्हंजी जागा पक्की. लेकीनं शिकवलं," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पर ह्ये 'पक्की' असं मराठीत लिव्हाया काय झालं व्हतं गं त्यांना?"

मी पुन्हा निरुत्तर. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा. नसेल, तर हाच प्रश्न एका पोस्टकार्डावर लिहा आणि आपल्या खासदारांना पाठवा.